एका चित्रकाराचा संकल्प

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणी ज्याने रेखाटला, त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याच्या दानाची नोंद आहे. कुंचला धरणारा मात्र अनामिकच राहिला. पुण्य दात्याचे आणि श्रम कारागिराचे, अशीच वाटणी देवालयांच्या बाबतीत चालत आली. उत्तर थायलंडमधील चियांग रायजवळचे श्वेतमंदिर पाहताना प्रथम नवल वाटते ते याचे, की येथे चित्रकार हाच स्थपती आहे आणि प्रमुख दाताही तोच.

या मंदिराचे मूळ नाव वाट रोंग खुन. थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार अथवा मंदिर. चियांग माय शहरातून एका दिवसात जाऊन येण्याच्या सहली निघतात. आम्हीही अशाच एका सहलीत सामील झालो. सकाळी निघालेली गाडी डोंगराळ, झाडीच्या रस्त्याने सुमारे तीन तासांत पोहोचते. मध्ये उष्णोदकाच्या झऱ्यांपाशी चहापुरता मुक्काम होतो. आमच्या वाटाड्याने गाडीतच नियम सांगून ठेवले : खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, गाभाऱ्यात छायाचित्र घेऊ नये आणि पुलावर चढल्यावर मागे फिरू नये.

चित्रकाराचे नाव चालेर्मचाई कोसितपिपात. जन्म १९५५ चा, याच रोंग खुन गावातला. बँकॉकच्या शिल्पाकोन विद्यापीठात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. पुढे लंडनच्या विम्बल्डन भागातील बुद्धपदीप या थाई विहाराची भित्तिचित्रे त्यांनी सहकाऱ्यांसह रंगविली. त्यांत मार्गारेट थॅचर यांचा चेहरा आल्यामुळे बरीच चर्चा झाली. नाव आणि धन मिळाल्यावर त्यांचे लक्ष आपल्या गावच्या मोडकळीस आलेल्या विहाराकडे वळले आणि १९९७ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, चित्रविक्रीतून मिळविलेला स्वतःचा पैसा घालून त्यांनी काम आरंभले. देणग्या ते स्वीकारतात, पण एका व्यक्तीकडून दहा हजार बाथपेक्षा अधिक नाही. मोठा दाता आला की त्याची इच्छाही मंदिरात येते. ती येऊ नये म्हणून ही मर्यादा.

प्रथमदर्शनी मंदिर बर्फात कोरल्यासारखे भासते. पांढरा गिलावा आणि त्यात बसविलेले आरशांचे बारीक तुकडे. ऊन पडले की दृष्टी ठरत नाही. पांढरा रंग बुद्धाच्या शुद्धतेचा आणि काच त्याच्या प्रज्ञेच्या तेजाची, असा चित्रकाराचा संकेत आहे. सोन्याचा झगमगाट त्यांना गाभाऱ्यासाठी मानवला नाही. आवारात सोनेरी इमारत आहे खरी, पण ती प्रसाधनगृहाची! देह आणि देहाची हाव यांचा रंग सोनेरी, मनाचा पांढरा, असा त्यामागचा विचार. आमच्यातील वडीलधाऱ्या मंडळींना हा विनोद फार रुचला.

गाभाऱ्याकडे जाणारा पूल संसारचक्राचा. त्याच्या पायथ्याशी खड्ड्यातून शेकडो हात वर आलेले आहेत. कोणी मागतो आहे, कोणी बुडतो आहे. त्यांतील एका बोटाचे नख तेवढे लाल रंगविलेले. पुढे राहू आणि मृत्यू यांची पहाऱ्यावरची भव्य शिल्पे. राहू पाहताच आमच्या मुलांना ग्रहणाची गोष्ट आठवली. पूल ओलांडला की मुख्य सभागृह, 'उबोसोत'. आपल्या पाली ग्रंथांतील उपोसथ शब्दाचेच हे थाई रूप.

आत बुद्धप्रतिमा शांत आहे; तिच्या समोरच्या भिंतीवर मात्र कल्लोळ. अग्निज्वाळा, माराचा अक्राळविक्राळ चेहरा, जळते जुळे मनोरे, आणि त्यांत बॅटमॅन, सुपरमॅन, मायकेल जॅक्सन! आमच्या सोबतच्या एका काकांनी बाहेर येताच विचारले, "अहो, हे देऊळ म्हणायचे की जत्रेतला देखावा?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. गर्दी तिकिटांच्या रांगेची, घाई गाडीच्या वेळेची. अशा ठिकाणी भक्तीला जागा उरते का, ही शंका आम्हांसही आली होती. परंतु बुद्धासमोरच्या भिंतीवर मारविजय रंगविणे ही थाई मंदिरांची जुनी रीत आहे, आणि प्रत्येक काळाचा मार वेगळ्या वेषात येतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावरही टोकदार टोप्या घातलेले, मद्यपात्रे घेतलेले परदेशी पुरुष आहेतच की! त्या चित्रकारांनीही आपल्या काळातले जग विहारात येऊ दिले होते. दीड हजार वर्षांनी आपण त्याला परंपरा म्हणतो, इतकेच. शिवाय त्याच सभागृहात, प्रवाशांच्या लोंढ्यात, एक थाई वृद्धा जमिनीवर पाय मुडपून हात जोडून बसली होती. मायकेल जॅक्सनने तिचे काही बिघडविले नव्हते.

५ मे २०१४ रोजी या भागात मोठा भूकंप झाला. मंदिराचे कळस आणि भित्तिचित्रे यांची हानी झाली. सतरा वर्षांच्या श्रमांची ती अवस्था पाहून चालेर्मचाई यांनी मंदिर पाडावे लागेल असे जाहीर केले. अभियंत्यांनी पाहणी करून सांगाडा शाबूत असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी तो विचार सोडला आणि काम पुन्हा हाती घेतले.

येथे आम्हांस महाजनक जातकाची आठवण झाली. गलबत बुडाल्यावर किनारा दिसत नसतानाही सात दिवस पोहत राहणारा तो राजपुत्र! त्याची कथा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात रंगविलेली आहे. थायलंडचे राजे भूमिबोल यांनी ती आपल्या शब्दांत लिहिली आणि १९९६ साली ती सचित्र प्रसिद्ध झाली. त्या चित्रकारांत चालेर्मचाईही होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मंदिराचा पाया घातला.

नियोजित नऊ इमारती पूर्ण व्हायला २०७० साल उजाडेल असा अंदाज आहे. सत्तरीच्या घरातील चित्रकाराला ते दिसणार नाही, हे त्याला प्रारंभापासून ठाऊक होते. म्हणूनच त्याने शिष्य तयार केले. सहलीत दुपारी दाखविले जाणारे निळे मंदिर, वाट रोंग सुआ तेन, त्यांच्याच एका शिष्याच्या कल्पनेतून उतरले; त्याचे मुख्य सभागृह २०१६ साली पूर्ण झाले. गुरूने पांढरा निवडला, शिष्याने निळा. गुरूचे काम पुढे नेणाऱ्याला स्वतःचा रंग असावा, हे आम्हांस फार आशादायक वाटले.

वाचकांपैकी कोणास तिकडे जाण्याचा योग आला, तर सकाळी लवकर पोहोचावे आणि पुलावर चढण्यापूर्वी घटकाभर थांबून ते हात नीट पाहावेत. मागे फिरून पाहण्याची तेथे सोय नाही. आवारात पानाच्या आकाराचे धातूचे पत्रे मिळतात. त्यांवर नाव लिहून ते टांगून ठेवता येतात. हजारो पानांत आमच्या घरच्यांचीही नावे आता तेथे वाऱ्यावर हलत असतील, कोणती कोणाची हे न सांगता.