आधी धार, मग दाढी

वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करायला शिकायचे म्हटले की ऐकणाऱ्याचा हात आपोआप गळ्याकडे जातो. उघडे पाते, मध्ये कसलाही आडोसा नाही आणि हात नवशिक्याचा. भीती वाटणे साहजिकच. पण ती चुकीच्या जागी आहे. वस्तऱ्याला धार असते म्हणून नवशिक्या कापला जातो असे नाही. बहुतेक वेळा पुरती धार नसते म्हणून कापला जातो. नीट पाजवलेले पाते जवळजवळ स्वतःच्या वजनाने केसांतून जाते. धार उतरली की ते केस ओढू लागते, ओढ बसली की हात नकळत दाब देतो, पाते जरा उभे धरतो, आणि दाबलेले उभे पाते कातडीत शिरते. म्हणून वस्तरा शिकणे म्हणजे मुख्यतः धार सांभाळायला शिकणे. चेहऱ्यावर हात फिरवायचा भाग त्या मानाने सोपा आहे.

इतिहास याला पुरावा देतो. पॅरिसचा पाती घडवणारा कारागीर ज्याँ-जाक पेरे याने अठराव्या शतकातच वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवून पाते खोल जाणार नाही अशी सोय केली होती, आणि १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर एक अख्खे पुस्तक लिहिले होते. पुढे १८८० साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी सेफ्टी रेझरचे पेटंट घेतले. म्हणजे कापण्यापासून संरक्षणाचा प्रश्न तेव्हाच बऱ्यापैकी सुटला होता. तरीही वस्तरा घराघरांतून हलला नाही, कारण काम्फेंच्या रेझरमधले पातेही पट्ट्यावर घासावे लागे, अधूनमधून पाजवावे लागे. किंग कॅम्प जिलेट याने वेगळे केले ते एवढेच, की धार गेली की पाते टाकून द्या म्हणाला. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. जखमेची भीती माणसांनी शतकानुशतके सोसली होती. त्यांना सुटका हवी होती ती रोज धार जपण्याच्या कामातून, आणि ते काम जिलेटने कारखान्याकडे सोपवले.

आपल्याकडे तर हे काम गिऱ्हाइकाकडे कधी नव्हतेच. गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता आणि त्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर धारेचा दगड, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी आणि नराणी असे. समोर बसलेल्याला त्याचा सफाईदार हात दिसायचा. हात चालण्याआधी दगडावर आणि पट्ट्यावर झालेली मेहनत कुणी मोजत नसे. वाटीतले पाणी बोटांनी दाढीला लावून तो बराच वेळ चोळत बसे, तेही उगाच नाही. केस पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो, मग तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. साबणाचा फेस मुख्यतः ते पाणी केसाला धरून ठेवतो आणि पाते घसरायला मदत करतो. भिजवण्यात हात आखडणाऱ्याने वस्तऱ्याच्या वाटेला जाऊच नये.

आता धार जरा जवळून पाहू. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची कड एका मायक्रॉनहूनही बारीक असते, तर दाढीचा केस साधारण शंभर मायक्रॉन जाड. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ. मग तो पोलादाची धार कशी घालवतो? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली याचे उत्तर शोधले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रेझरच्या पात्याने केस कापून पाहिले. पाते झिजून गोल होण्याऐवजी त्याच्या कडेला बारीक टवके उडताना दिसले. केस वाकतो, पात्यावर तिरका रेटा देतो, आणि पोलादाची आतली रचना जिथे एकसारखी नाही नेमकी तिथून कपचा निघतो. प्रयोग बाजारातल्या पातळ पात्यांवर होता, वस्तऱ्यावर नव्हता हे खरे. तरी भिजलेला, मऊ केस धारेला कमी छळतो हे न्हाव्यांचे जुने शहाणपण त्याला धरूनच आहे.

वस्तऱ्याची घडण मात्र धार राखायला मदत करणारी आहे. दगडावर घासताना त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही टेकलेली राहतात, त्यामुळे धारेचा कोन हाताने अंदाजायचा नसतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी तो ठरवून टाकतात. तरी नवशिक्याने दगड विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाजवणे हे स्वतंत्र कसब आहे, आणि दाढी नीट होत नाही तेव्हा दोष हाताचा की धारेचा हे कळायला निदान एक गोष्ट भरवशाची हवी. जाणत्याने पाजवलेला वस्तरा घ्यावा. नवे पाते बऱ्याचदा दिसायला लखलखीत असते, पण दाढीला पुरेशी धार त्याला नसते.

पट्टा मात्र पहिल्या दिवसापासून. प्रत्येक दाढीआधी तीसेक फेऱ्या: पट्टा ताणलेला, वस्तरा सपाट, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाशी पोचल्यावर पाते पाठीवरून उलटायचे. धारेवरून उलटले तर चामडे चिरते आणि धारही जाते. इथे घाई किंवा जोर केला की कड वळते, आणि तिचा हिशेब सकाळी गालावर चुकता होतो. आठवडाभर निव्वळ पट्ट्याचा सराव, तोही एखाद्या जुन्या पात्यावर, करायला हरकत नाही.

दाढीचे तंत्र थोडक्यात सांगता येते. पहिले काही दिवस फक्त गाल. हनुवटी आणि वरचा ओठ सेफ्टी रेझरनेच. मोकळ्या हाताने कातडी ताणायची, पाते चेहऱ्याशी साधारण तीस अंशांत धरायचे, केसांच्या वाढीच्या दिशेने छोटे हात मारायचे. धारेच्या रेषेत पाते आडवे सरकवायचे नाही. भाजी चिरण्याची ती सवय इथे थेट जखम करते. उलटी दाढी महिनाभर विसरावी. टोक गोल असलेला वस्तरा घ्यावा, चौकोनी टोक कानाशी आणि नाकाशी आधी लागते.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सलूनमधल्यासारखा अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा आणला की धारेचा प्रश्नच मिटला. सलूनमध्ये ते योग्यच आहे. एकाच वस्तऱ्यातून रक्तावाटे एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी पसरण्याचा धोका असल्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड हवेच. पण घरी शिकणाऱ्याला ते सोपे जाईल असे नाही. अर्धे ब्लेड हलके, ताठर आणि बेफाम तीक्ष्ण. त्याचे कोपरे उघडे, आणि हाताला सावरणारे वजन नाही. सलूनमधल्या कारागिराला ते जमते, कारण त्याने फुग्यावर फेस लावून घटवलेला हात असतो. दुसरा आक्षेप पैशांचा आहे, आणि तो बराचसा मान्य करावा लागतो. चांगला वस्तरा, पट्टा आणि अधूनमधून पाजवण्याचा खर्च धरला तर स्वस्त दुधारी ब्लेड वापरणाऱ्याची बचत फारशी होत नाही. पाच-पाच पात्यांची महागडी कार्ट्रिज घेणाऱ्याची होऊ शकते. वेळ तर वाचत नाहीच. कचरा कमी होतो, आणि एकच पाते एकदाच फिरत असल्याने केस कातडीच्या आत कापला जाऊन रुतण्याचा त्रास काहींना कमी होतो, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक शत्रू आहे. बहुतेक वस्तरे कार्बन पोलादाचे असतात, आणि दमट न्हाणीघरात एका रात्रीत त्यांच्या धारेवर गंज धरू शकतो. दाढी झाली की पाते पुसावे, मुठीच्या फटीतले पाणी टिपावे, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा आणि वस्तरा न्हाणीघराबाहेर ठेवावा. खोबरेल चिकट होते, ते नको. हात थरथरत असेल, रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील किंवा चेहऱ्यावर मुरुमे पिकली असतील, तर साधा सेफ्टी रेझरच बरा. बाकीच्यांनी पाजवलेला वस्तरा आणि पट्टा आणावा, तुरटीचा खडा जवळ ठेवावा आणि सुट्टीच्या सकाळी सुरुवात करावी.