पाचाचं नाणं ओळखणारी पेटी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. जागोजागी मालगुजारी तळी, मधून वाहणारी वैनगंगा. तरीही आज अनेक गावांत सकाळी पत्र्याच्या एका छोट्या खोलीपुढे कॅनची रांग लागते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला येतं. गोसेखुर्द धरणाचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत पोचतो, त्यामुळे ही घाण वाहूनही जात नाही. कुठे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं. म्हणून हे ‘वॉटर एटीएम’: 5 रुपयांचं नाणं टाका, 20 लिटरचा कॅन भरून न्या.

रांग अडते ती बहुतेक वेळा एकाच वाक्यावर: “भाऊ, मशीन नाणं घेऊन नाही राहिली!”

पाणी शुद्ध करणारा पंप आणि मेम्ब्रेन आत असतात, पण लोकांची गाठ पडते ती तळहाताएवढ्या कॉइन बॉक्सशी. या पेटीला अशोकस्तंभ दिसत नाही, आकडाही वाचता येत नाही. साध्या पेटीत तारेच्या तीन कॉइल शेजारीशेजारी असतात. त्यांच्यातल्या एका फटीत नमुन्याचं नाणं कायमचं बसवलेलं असतं, दुसऱ्या फटीतून आपलं नाणं घरंगळतं. दोन्ही नाण्यांचा धातू आणि आकारमान जुळलं, की दोन्हीकडचे विद्युत संकेत क्षणभर एकमेकांना खोडतात. त्याच क्षणी आतली झडप उघडते आणि नाणं गल्ल्यात पडतं. जुळलं नाही तर नाणं खालच्या वाटीत परत. गल्ल्याच्या वाटेवरचा सेन्सर पडलेलं नाणं मोजून बोर्डाला खूण देतो आणि मग पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो.

खरी गंमत नाण्यांची आहे. 1992 पासून आलेलं जाड पाचाचं नाणं तांबं-निकेलचं, 23 मिलिमीटर रुंद आणि 9 ग्रॅम वजनाचं. 2007 चं स्टीलचं, तेवढंच रुंद, पण 6 ग्रॅमचं. मग आलं पिवळं, निकेल-पितळेचं. रुंदी आणि वजन स्टीलच्याच नाण्याएवढं. 2019 च्या मालिकेतलं पिवळं नाणं 25 मिलिमीटर रुंद आणि 6.74 ग्रॅमचं. चारही नाणी खरी, चारही चलनात. पण नमुना पहिल्या पिवळ्या नाण्याचा असेल तर बाकी तिन्ही परत येतात. त्यात मशीनचा बिघाड काहीच नसतो. तिची ओळखच तेवढी. एकापेक्षा जास्त नमुने शिकवता येणारी पेटीही मिळते. तिथे प्रत्येक नाणं अनेकदा टाकून तिला सराव द्यावा लागतो.

रुपया-दोन रुपयांचा घोळ तर याच्या उलट. जुना स्टीलचा रुपया आणि 2011 च्या मालिकेतले दोन रुपये दोन्ही 25 मिलिमीटरचे, दोन्ही 4.85 ग्रॅमचे, दोन्ही स्टीलचे. माणूस आकडा वाचून मोकळा होतो, पेटीने काय करावं?

दुरुस्ती करताना आधी दुखणं कोणतं ते ओळखायचं. नाणं परत येतंय, की गिळलं जाऊनही पाणी येत नाही? परत येत असेल तर नमुन्याचं नाणं सरकलंय का ते बघा. मग पेटी सरळ बसली आहे ना. कलली की नाणं भलत्याच वेगाने घरंगळतं. मग वाट: ओल्या हातांनी टाकलेल्या नाण्यांचा चिकट मळ, एखादा मुंग्यांचा थर. कोरड्या कापडाने पुसा. तेल घातलंत तर धूळ आणखी बसेल. शेवटी 12 व्होल्टचा पुरवठा मीटरने मोजा. तो घसरला की झडप अर्धवटच उघडते. नाणं गिळलं आणि पाणी नाही, तर सेन्सरवरची धूळ, सुटलेली वायर, क्षार बसलेला व्हॉल्व्ह किंवा रिकामी टाकी. पेटीला थापडा मारणं हा उपाय लोकप्रिय आहे, पण त्याने नमुना सरकतो आणि दुखणं वाढतं.

नाणी देणारं यंत्र या पेटीच्या उलट चालतं. त्यात भोकं असलेली तबकडी फिरते, प्रत्येक भोकात एक नाणं बसून बाहेर ढकललं जातं आणि दारावरचा सेन्सर मोजतो. वाकडं नाणं अडकलं की तबकडी थांबते. चांगलं यंत्र ती जरा उलटी फिरवून मोकळी करतं. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये यूपीआयवरून पैसे घेऊन नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग 12 शहरांसाठी जाहीर केला. पाण्याच्या पेटीला मात्र देणं ठाऊक नाही. दहाचं नाणं टाकून पाच परत मागायची सोय नाही, म्हणून शेजारच्या किराणा दुकानात सकाळी सुट्ट्या पाचाला भाव असतो.

भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. भांडं बोटाने वाजवून धातूची पारख करणारे कान इथे पिढ्यान्‌पिढ्या होते. कॉइन बॉक्स तेच काम कॉइलने करतो, फक्त त्याची पारख एका नाण्यापुरती. ते फटीतलं पाचाचं नाणं रोज शेकडो नाण्यांना पाणी मिळवून देतं. त्याच्या स्वतःच्या नावावर मात्र एक पेलाही नाही.