स्मृतिस्थळाला भेट देताना

(सहलीला जाणे आणि एखाद्या स्मृतिस्थळाला भेट देणे यांत फरक आहे. पोलंडमधील ऑश्विट्झ येथील स्मृतिस्थळाला भेट देण्याची तयारी कशी करावी आणि तेथे कसे वागावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुम्ही कधीतरी कब्रस्तानात गेला असाल. फाटकातून आत पाऊल टाकताच आपला आवाज आपोआप खाली येतो. कबरीवर पाय पडू नये म्हणून आपण जपून चालतो. तेथे कोणी मोठ्याने हसत नाही की खाऊ खात नाही. ही अदब आपण पुस्तकातून शिकत नाही. वडीलधाऱ्या माणसांकडे पाहून शिकतो.

पण समजा, एखाद्या ठिकाणी लाखो माणसे मारली गेली आणि त्यांच्या कबरीच तेथे नाहीत. दिसतात त्या फक्त विटांच्या इमारती, काटेरी तारा आणि गवत वाढलेले मोकळे मैदान. अशा ठिकाणी कसे वागावे? असे एक ठिकाण पोलंड या देशात आहे. त्याचे नाव ऑश्विट्झ. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुढे तुमच्यापैकी कोणी युरोपात जाईल. तेव्हा कदाचित तेथे जाण्याची संधी मिळेल. म्हणून त्या भेटीची तयारी आजच समजून घेऊ.

पहिली तयारी म्हणजे तेथे काय घडले हे जाणून घेणे. १९३३ साली जर्मनीत हिटलर आणि त्याचा नाझी पक्ष सत्तेवर आला. देशावर आलेल्या साऱ्या संकटांना ज्यू लोक जबाबदार आहेत, असा खोटा प्रचार नाझींनी केला. ज्यू म्हणजे उर्दूत ज्यांना यहूदी म्हणतात ते लोक. आपल्या महाराष्ट्रातही ते आहेत. कोकणात शेकडो वर्षे राहिलेल्या बेने इस्रायली ज्यूंची मातृभाषा मराठीच आहे. ते येथे शेजाऱ्यांबरोबर सुखाने राहिले. जर्मनीत मात्र शेजारीच परके झाले. प्रथम ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घातला गेला. मग १९३५ साली कायदा करून त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पुढे युरोपभरातील सुमारे ६० लाख ज्यू स्त्रिया, पुरुष आणि मुले ठार मारण्यात आली. या संहाराला ‘होलोकॉस्ट’ असे म्हणतात.

पोलंड जिंकल्यावर जर्मनांनी १९४० साली ओश्विएन्चिम या गावातील जुन्या लष्करी बराकींत छळछावणी उघडली. या गावाला ते ऑश्विट्झ म्हणत. सुरुवातीला तेथे पोलिश कैदी ठेवले जात. १९४१ साली तेथून सुमारे ३ किलोमीटरवर बिर्केनाऊ ही फार मोठी छावणी बांधायला सुरुवात झाली. तेथे विषारी वायूच्या कोठड्या उभारण्यात आल्या. रेल्वेच्या डब्यांत कोंबून माणसे आणली जात. या छावण्यांत सुमारे १३ लाख माणसे आणली गेली. त्यांपैकी सुमारे ११ लाख मारली गेली. त्यांत सुमारे १० लाख ज्यू होते. शिवाय पोलिश लोक, रोमा जमातीचे लोक आणि सोव्हिएत युद्धकैदी होते. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य तेथे पोहोचले, तेव्हा सुमारे ७,००० कैदी जिवंत सापडले. १९४७ साली या जागेचे संग्रहालय करण्यात आले. १९७९ साली युनेस्कोने तिची जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

हे आकडे मोठे आहेत. पण आकड्यांनी डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणून दुसरी तयारी अशी, की जाण्यापूर्वी निदान एका माणसाचे नाव आणि त्याची हकिकत वाचावी. यामागे एक कारण आहे. ऑश्विट्झमध्ये माणसाचे नाव काढून घेतले जाई. कैदी म्हणून नोंद झालेल्यांपैकी बहुतेकांच्या हातावर क्रमांक गोंदत. मग त्याला त्या क्रमांकानेच हाक मारत. म्हातारी माणसे, लहान मुले आणि त्यांच्या आया यांना तर क्रमांकही मिळत नसे. गाडीतून उतरल्यावर काही तासांतच त्यांना मारून टाकत. छावणीच्या वहीत त्यांचे नाव कधी लिहिलेच गेले नाही.

ॲन फ्रँक या मुलीची डायरी तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात असेल. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला आईवडिलांसह आणि बहिणीसह ऑश्विट्झला आणले गेले. तेव्हा ती १५ वर्षांची होती, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाची. तिची आई ऑश्विट्झमध्येच मरण पावली. ॲन आणि तिची बहीण यांना पुढे जर्मनीतील दुसऱ्या छावणीत नेले. १९४५ साली दोघी तेथे मरण पावल्या. घरातले फक्त वडील वाचले. एवढे जरी तुम्हांला ठाऊक असेल, तरी बिर्केनाऊच्या रेल्वेरुळांजवळ उभे राहिल्यावर तुम्ही नुसते रूळ पाहणार नाही.

आता प्रवासाची तयारी पाहू. क्राकूव्ह या शहरातून बसने किंवा रेल्वेने सुमारे दीड-दोन तासांत तेथे पोहोचता येते. आवारात जाण्यासाठी प्रवेश शुल्क नाही, पण प्रवेशपत्र आधीच घ्यावे लागते. ते संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मिळते. ओळखपत्र जवळ ठेवावे. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्गदर्शक घ्यावा. त्याचे शुल्क वेगळे असते. दोन्ही छावण्या पाहायला किमान साडेतीन तास लागतात. म्हणून त्याच दिवशी दुसरी करमणुकीची ठिकाणे ठरवू नयेत. बिर्केनाऊचे मैदान उघडे आहे. तेथे फार चालावे लागते आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी असते. त्यामुळे मजबूत बूट आणि साधे, उबदार कपडे घालावेत. १४ वर्षांखालील मुलांना तेथे आणू नये, असे संग्रहालय सुचवते. घरातील लहान भावंडांना नेण्याचा हट्ट धरू नये.

आत गेल्यावर मोबाइल बंद ठेवावा. हळू बोलावे. खाणे-पिणे आवाराबाहेरच उरकावे. बहुतेक ठिकाणी छायाचित्रे घेता येतात, पण दोन जागी सक्त मनाई आहे. एक म्हणजे स्त्रियांचे कापलेले केस ठेवले आहेत ते दालन. तेथे सुमारे दोन टन केस आहेत. दुसरी जागा म्हणजे अकरा क्रमांकाच्या इमारतीचे तळघर. या तळघरात कैद्यांना कोंडून त्यांचे हाल केले जात. या जागा पाहताना अंगावर काटा येतो. तेथे कॅमेरा हातात असणेच बरे वाटत नाही.

जेथे छायाचित्राला परवानगी आहे, तेथेही आधी स्वतःला विचारावे, “हे मी कशासाठी घेत आहे?” बिर्केनाऊच्या रुळांवर तोल सावरत चालताना काही जण हसत फोटो काढून घेत. २०१९ साली संग्रहालयाने, तसे करू नका, अशी सर्वांना जाहीर विनंती केली. ज्या रुळांवरून लाखो माणसे मरणाच्या दारात आली, त्यांवर कसरत करणे म्हणजे कबरीवर उभे राहून खेळण्यासारखेच आहे. हे त्या मुलांच्या मनात आले नसेल. म्हणूनच आधी वाचून जायचे.

तेथील कोणतीही वस्तू आठवण म्हणून उचलू नये. २०१५ साली इंग्लंडहून शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या दोन मुलांनी जमिनीवरची बटणे, काचेचा तुकडा अशा किरकोळ वस्तू खिशात घातल्या. पोलिसांनी त्यांना पकडले. तुम्ही म्हणाल, एका बटणाचे काय एवढे? पण ते बटण कोणाच्या तरी सदऱ्याचे होते. त्या माणसाची कदाचित तेवढीच खूण या जगात उरली असेल. शिवाय, असे काही घडलेच नाही, असे म्हणणारे लोकही जगात आहेत. तेथील प्रत्येक वीट आणि प्रत्येक बटण हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा आहे.

एका दालनात मारल्या गेलेल्या लोकांच्या बॅगा ठेवल्या आहेत. त्यांवर मालकांनी मोठ्या अक्षरांत आपली नावे लिहिली आहेत. सामान परत मिळेल, या आशेने त्यांनी ती लिहिली होती. तेथे घाई करू नका. त्यांतले एक नाव नीट वाचा. मनातल्या मनात उच्चारा. ज्यांची नावे पुसण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यासाठी आपण एवढे तर करू शकतो.

प्रार्थना करायची असेल, तर प्रत्येकाने आपल्या धर्माप्रमाणे शांतपणे करावी. कबरीवर लहानसा दगड ठेवण्याची ज्यू लोकांची रीत आहे. बिर्केनाऊच्या स्मारकाजवळही लोक दगड ठेवतात, मेणबत्त्या लावतात. जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम वर्ल्ड लीगचे सरचिटणीस मोहम्मद अल-ईसा एक शिष्टमंडळ घेऊन तेथे गेले होते. त्या वेळी त्यांनी तेथे नमाज अदा केली. दुसऱ्याच्या दुःखापुढे मान झुकवताना आपला धर्म सोडावा लागत नाही.

अशी स्मृतिस्थळे आणखीही आहेत. जर्मनीतील दाखाऊ येथे १९३३ सालीच छळछावणी उघडण्यात आली होती. तेथे एका फलकावर नूर इनायत खान हे नाव कोरलेले आहे. नूर या बडोद्याचे सूफी संगीतकार हजरत इनायत खान यांच्या कन्या. त्या ज्यू नव्हत्या. नाझींविरुद्ध लढण्यासाठी त्यांनी पॅरिसमधून गुप्तपणे बिनतारी संदेश पाठवण्याचे काम केले. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना दाखाऊला गोळी घालण्यात आली. कधी दाखाऊला गेलात, तर ते नाव जरूर शोधा.

भेट संपवून बाहेर आल्यावर लगेच हसण्याबोलण्यात रमू नका. थोडा वेळ गप्प बसा. रात्री झोपण्यापूर्वी चार ओळी लिहून काढा. घरी आल्यावर जे पाहिले ते भावंडांना सांगा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑश्विट्झची सुरुवात काटेरी तारांपासून झाली नव्हती. ‘ते लोक वाईटच असतात’ अशा बोलण्यापासून ती झाली होती. असे बोलणे वर्गात, गल्लीत किंवा बाजारात कोणाबद्दलही ऐकू आले, तर तेथे मान डोलावू नका. त्यासाठी पोलंडला जाण्याची गरज नाही.

शब्दार्थ : अदब – आदराने वागणे. स्मृतिस्थळ – आठवण जपणारी जागा. छळछावणी – कैद्यांचे हाल करण्याची जागा. संहार – मोठ्या प्रमाणावर केलेली हत्या. अंगावर काटा येणे – भीतीने शहारणे. शिष्टमंडळ – प्रतिनिधींचा गट. मान डोलावणे – होकार देणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ऑश्विट्झ छावणी कोणत्या साली उघडली?
(आ) छायाचित्रे घेण्यास मनाई असलेल्या दोन जागा कोणत्या?
(इ) नूर इनायत खान यांचे नाव कोठे कोरले आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भेटीपूर्वी एका माणसाची हकिकत का वाचावी?
(आ) तेथील लहानशी वस्तूही का उचलू नये?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा : अंगावर काटा येणे, मान डोलावणे.

उपक्रम : तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या स्मारकावर कोरलेली नावे वहीत उतरवून घ्या. त्यांतील एका व्यक्तीची माहिती मिळवून वर्गात सांगा.