विश्लेषण : मैदान एक, परीक्षा तीन... पोलीस भरतीत स्नायू नेमके काय करतात?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत उजाडायच्या आत घराबाहेर पडले, तर भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. शेतीची शाश्वती नाही, मोठे उद्योग मोजके. त्यामुळे अनेक घरांची भिस्त खाकी वर्दीवर असते. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५) आणि ७.२६० किलोचा गोळा फेकणे (१५). महिलांसाठी मोठी धाव ८०० मीटरची आणि गोळा चार किलोचा. पुरुष उमेदवाराने १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवले तर पैकीच्या पैकी गुण. वेळ काही सेकंदांनी हुकली की गुण कापले जातात आणि एका गुणाने वर्ष वाया जाऊ शकते. तरीही अनेकांचा सराव एकसुरी असतो : रोज तेच अंतर, तोच वेग. क्रीडाविज्ञान सांगते ते नेमके याच्या उलट.

स्नायू आखडतो म्हणजे काय होते?

हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू शरीरात असतात. प्रत्येक स्नायू बारीक तंतूंचा जुडगा असतो आणि तंतूच्या आत दोन प्रथिनांचे धागे असतात : पातळ ॲक्टिन आणि जाड मायोसिन. मेंदूचा आदेश मज्जातंतूतून आला की तंतूत कॅल्शियम सुटते आणि मायोसिनची टोके ॲक्टिनला पकडून ओढू लागतात. रस्सीखेचीत गडी हात बदलत दोर ओढतात, तसेच हे. दोराची लांबी तीच राहते, धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखूड होतो. हा उलगडा १९५४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी केला. गंमत अशी की पकड सोडायलाही ऊर्जा लागते. मृत्यूनंतर शरीर ताठरते ते त्यामुळेच. ऊर्जा संपलेली, पकड तशीच राहिलेली.

ही ऊर्जा ज्या रेणूतून मिळते तो एटीपी.

मग तीन चाचण्यांत फरक कुठे?

स्नायूतला तयार एटीपी दोन-तीन सेकंदांतच संपतो. गोळा हातातून सुटेपर्यंत तेवढा पुरतो. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा साधारण दहा सेकंदांपर्यंत हात देतो. १०० मीटरची धाव मुख्यतः त्यावर निघते. पुढे ऑक्सिजनची वाट न पाहता साखर वेगाने फोडली जाते आणि एकीकडे ऑक्सिजनवर चालणारी संथ, पण दीर्घकाळ टिकणारी यंत्रणा जोर धरते. पाच मिनिटांच्या धावेत तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा या शेवटच्या यंत्रणेची असते. पहिल्या फेरीतच सुसाट सुटलेला उमेदवार साखर फोडण्याची यंत्रणा फार लवकर ताणतो. शेवटच्या चारशे मीटरला त्याचे पाय शिशाचे होतात ते म्हणूनच.

म्हणजे रोज सोळाशे मीटर पळून शंभर मीटरचा वेग वाढत नाही. त्यासाठी ३०-४० मीटरच्या पूर्ण ताकदीच्या धावा आणि प्रत्येक धावेनंतर दोन-तीन मिनिटांची खरी विश्रांती लागते. मैदानावर ही विश्रांती आळस समजली जाते. प्रत्यक्षात त्या वेळात क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरत असते.

अंग दुखते ते लॅक्टिक ॲसिडने?

हा समज तालमीपासून जिमपर्यंत सगळीकडे आहे आणि चुकीचा आहे. धावताना तयार झालेले लॅक्टेट साधारण तासाभरात निवळते. हृदय तर ते इंधन म्हणून वापरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात, त्यामागे तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा आणि त्यांची दुरुस्ती असते. उतारावर पळताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तेव्हा अशा इजा जास्त होतात.

या दुरुस्तीला माल लागतो. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि लातूरच्या माणसाला तूरडाळीची ओळख करून द्यायला नको. भाकरी, वरण, मटकी, शेंगदाणे, जमल्यास अंडी... महागड्या डब्यातली पावडर बहुतेकांना लागत नाही.

गोळा खांद्याने जातो का?

निम्मे उत्तर पायांत आहे. उभा खेळाडू जमिनीला रेटा देतो, तो रेटा कंबर, धड, खांदा असा चढत बोटांपर्यंत पोहोचतो. नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव मात्र बसून गोळा फेकतात. एफ-३४ गटात पायांचा रेटा जवळपास वजा होतो आणि सगळा भार धड, खांदा आणि हाताच्या अचूक क्रमावर येतो. त्यावर त्यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये पाचवे स्थान मिळवले. उद्घाटनात सुमित अंतिलसोबत तिरंगाही त्यांच्याच हाती होता. नवख्याने सुरुवातीचे काही आठवडे आधी हा क्रमच पक्का करावा. त्या काळात वाढणारी ताकद स्नायू फुगल्याची नसते. मेंदू जास्त तंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतो.

मराठवाड्यात आणखी कशाची काळजी?

उन्हाची. स्नायू जेवढी ऊर्जा खर्चतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा हालचालीत जातो, उरलेली उष्णता होते. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि दगावले; त्यानंतर अंतर तीन किलोमीटर करण्यात आले. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते. फक्त गार पहाटे सराव केलेल्या मुलाचा क्रमांक दुपारच्या उन्हात लागला, तर ही तयारी त्याच्या शरीराने केलेलीच नसते. त्यामुळे चाचणीच्या तीन आठवडे आधीपासून काही धावा सकाळी नऊच्या सुमारास, कमी वेगाने, पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर सोबत ठेवून कराव्यात. डोके गरगरले, अंगावर काटा आला किंवा बोलताना शब्द अडखळू लागले, तर तिथेच थांबावे, सावलीत जाऊन अंगावर पाणी ओतावे आणि तातडीने वैद्यकीय मदत मागवावी.