मोडी वाचता येते? मग काम आहे

"इतिहासाची आवड आहे, पण पोटापाण्याचं काय?" असं विचारणाऱ्यांना मी आधी मोडी लिपी शिकायला सांगतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तरी वाचायचं राहिलेलं अफाट आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी जाणणाऱ्यांची एकदम शोधाशोध झाली! जमिनीच्या वादांतही जुने कागद वाचून देणारे लागतात.

मुळाक्षरं लवकर येतात. खरी परीक्षा कारकुनी हस्ताक्षराची: शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, वर तारखा शुहूर सन या जुन्या कालगणनेत.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे वर्ग घेतं. उत्खननाकडे ओढा असेल तर डेक्कन कॉलेज. वस्तूंच्या जतनाकडे असेल तर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा. सुरुवातीला पैसे बेताचेच, हे आधीच सांगतो.

आणि हो, घरातल्या जुन्या कागदांना कृपा करून चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद कागदात मुरतो, डाग पडतात आणि मग ती काढताना शाईही निघते.