चिमण्या, कोंबडी आणि हिवतापाचे कोडे

कोंबडी म्हटली की परसातले खुराडे आणि टोपलीतली अंडी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. प्रयोगशाळेशी तिचा काही संबंध असेल असे सहसा मनातही येत नाही. वस्तुतः हा संबंध जुना आहे. रोगजंतू दुर्बल करून त्यांचीच लस बनविण्याची युक्ती लुई पाश्चर यांना १८८० च्या सुमारास साधली ती कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करीत असताना. जावा बेटात आयकमान या डच डॉक्टरांना सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या आणि बेरीबेरीचे मूळ आहारात शोधावे हा विचार तेथून पुढे आला. परंतु हिवतापाच्या संशोधनात कोंबडीला जे स्थान मिळाले, त्याची वाट मोकळी केली ती आपल्याच देशात, कोलकात्यात, चिमण्यांनी.

कोलकात्यास गेलात तर पूर्वीच्या प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटलपाशी, म्हणजे आजच्या एस. एस. के. एम. रुग्णालयापाशी, रोनाल्ड रॉस यांचे स्मारक अवश्य पाहा. जवळच्याच एका लहानशा प्रयोगशाळेत, डास हिवताप कसा पसरवितात याचा शोध त्यांनी १८९८ साली लावला, अशा आशयाचा मजकूर तेथे कोरलेला आहे. १९२७ साली या स्मारकाचे अनावरण झाले तेव्हा रॉस स्वतः उपस्थित होते. ज्या पाखरांच्या अंगावर हा शोध लागला त्यांचा मात्र त्या मजकुरात उल्लेख नाही.

रॉस पाखरांकडे वळले ते हौसेने नव्हे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यायलेल्या डासाच्या जठरात त्यांना काळसर कण असलेल्या पेशी दिसल्या होत्या. धागा हाती लागला न लागला तोच त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाड्यास झाली. पुढे कोलकात्यास नेमणूक झाली, तर तेथे निराळीच अडचण उभी राहिली. मुंबई-पुण्यात प्लेगने जो हाहाकार माजविला होता, त्याची दहशत १८९८ च्या उन्हाळ्यात कोलकात्यातही पसरली. सुई घेतलेला डॉक्टर प्लेगच टोचणार, अशी लोकांची समजूत झाली. पैसे देऊ केले तरी बोटाला टाचणी लावू देण्यास कोणी तयार होईना. या लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे, पण प्लेगच्या दिवसांत सरकारी माणूस दारी येणे म्हणजे काय, हे पुण्याच्या जुन्या घरांतून अजून सांगितले जाते.

पाखरांना कोणी संमती विचारली नाही. चिमण्या, चंडोल, कबुतरे, कावळे यांच्या रक्तातही हिवतापाच्या जंतूंचे भाईबंद असतात, हे तेव्हा ठाऊक झालेले होते. रॉस यांनी तीन चिमण्या निवडल्या. एकीच्या रक्तात जंतू मुळीच नव्हते, दुसरीच्या रक्तात बेताचे होते आणि तिसरीच्या रक्तात विपुल. रात्री त्यांचे पिंजरे वेगवेगळ्या मच्छरदाण्यांत ठेवून आत करड्या रंगाचे डास सोडले. नंतर प्रत्येक मच्छरदाणीतील दहा डास फाडून पाहिले. पहिल्या दहांत काळ्या कणांची एकही पेशी सापडली नाही, दुसऱ्या दहांत २९२ सापडल्या आणि तिसऱ्या दहांत १००९. इतका स्वच्छ हिशेब शास्त्रज्ञाच्या वाट्याला क्वचितच येतो. डास पाळण्याच्या किचकट कामात महंमद बक्ष नावाचा मदतनीस त्यांच्या हाताशी होता.

तरीही मुख्य कोडे शिल्लकच होते. डासाच्या पोटातील जंतू दुसऱ्या शरीरात शिरतो कसा? रॉस यांचे मार्गदर्शक पॅट्रिक मॅन्सन यांची कल्पना अशी की, मेलेले डास पाण्यात पडतात व ते पाणी पिण्यात येते. रॉस यांनी जंतूचा माग सोडला नाही. जठराच्या भिंतीवरील पेशी फुगून फुटतात, त्यांतून सुतासारखे सूक्ष्म अंश बाहेर पडून डासाच्या अंगभर पसरतात, एवढे दिसले. जुलै १८९८ च्या आरंभी तेच अंश डासाच्या लाळेच्या ग्रंथीत खच्चून भरलेले आढळले. म्हणजे डास चावतो तेव्हा लाळेबरोबर रोगही टोचला जातो! असे डास २८ निरोगी चिमण्यांना चावू दिले, तेव्हा त्यांपैकी २२ चिमण्यांना रोग जडला. माणसाचा हिवताप ऍनोफिलीस डासामार्फत तसाच पसरतो, याची खात्री त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दिली.

पण चिमणी हा पिंजऱ्यात सहज वाढणारा पक्षी नव्हे. पुढल्या कामाला धीट, स्वस्त आणि हवी तेवढी मिळणारी पाखरे हवी होती. १९३५ साली ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सिलोनमधील कोंबड्यांत आढळणाऱ्या हिवतापाच्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि कोंबडीचे पिल्लू प्रयोगशाळेत आले. (हा जंतू माणसाला बाधत नाही, तेव्हा घरच्या कोंबड्यांविषयी शंका घेऊ नये.)

या पिल्लांनी एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. डास चावल्यावर काही दिवस रक्तात जंतू दिसत नाहीत, तेवढ्या काळात ते दडतात कोठे? १९३७ साली जेम्स व टेट यांना पिल्लांच्या शरीरात, केशवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींत, ते वाढताना सापडले. माणसाच्या शरीरातही अशी लपण्याची जागा असणार, हा तर्क त्यामुळे बळावला. ती जागा म्हणजे यकृत, हे शॉर्ट, गार्नहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली दाखवून दिले.

महायुद्धात जपानने जावा घेतल्यावर क्विनीनचा पुरवठा तुटला. तेव्हा इंग्लंडमध्ये एकामागून एक नवी रसायने याच पिल्लांना देऊन त्यांचे रक्त तपासले जाऊ लागले. त्यांतून १९४५ साली पॅलुड्रीन, म्हणजे प्रोग्वानिल, हे औषध पुढे आले. आजही हिवतापाच्या प्रदेशात जाणाऱ्या प्रवाशांना ते दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने दिले जाते.