विजेचा लपंडाव आणि बॅटरीवरचा आळ

भाजीचे क्रेट भरून पहाटे बाजार समितीच्या वाटेला लागलेल्या पिकअपचा डॅशबोर्ड एखाद्या खड्ड्यासरशी काळवंडावा, दिवे मालवावेत, आणि चालक उतरून बॉनेट उघडेपर्यंत सर्व काही पूर्ववत व्हावे, हा प्रकार माल वाहणाऱ्या मंडळींस अपरिचित नाही. ही फिर्याद गॅरेजात पोहोचली की पहिला आळ बॅटरीवर येतो. ती बदलली जाते, काही दिवस गाडी निमूटपणे चालते, आणि मग पुन्हा तोच खेळ सुरू होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशातली ही गत असून तिच्या मुळाशी काही दृढ झालेले गैरसमज आहेत.

बॅटरीवरचा आळ सर्वस्वी निराधार असतो असे नव्हे. पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ असलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते, तो १२.२ वर आला म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिती झाली असे समजावे. आणि इंजिन चालू असता हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ असावयास हवा. परंतु जीर्ण बॅटरी बहुधा क्रमाक्रमाने खचते: सेल्फ जड फिरू लागतो, दिवे मंदावतात, थंडीत कुरकुर वाढते. एका क्षणी निष्प्राण आणि दुसऱ्या क्षणी ठणठणीत, हा लहरीपणा तिच्या आतला एखादा जोडच तुटलेला असल्याखेरीज सहसा दिसत नाही. मग नवी बॅटरी बसविल्यावर काही दिवस गुण का येतो? बॅटरी बदलताना टर्मिनल सैल करावी लागतात, खरवडली जातात आणि पुन्हा आवळली जातात; गुण येतो तो या खरवडण्याचा, श्रेय मात्र बॅटरीला मिळते.

तपासाचा आरंभ पान्याने नव्हे तर प्रश्नाने व्हावा: वीज गेली तेव्हा नेमके काय काय बंद पडले? हॅझर्डचे दिवे बहुतेक वाहनांत किल्लीच्या स्विचवर अवलंबून नसतात. सबब, किल्लीवर चालणारे मीटर आणि वायपर बंद पडले, पण हॅझर्ड लुकलुकत राहिले, तर बॅटरी आणि तिच्या मुख्य केबली निर्दोष ठरतात व संशय किल्लीच्या स्विचवर किंवा त्याकडे येणाऱ्या तारेवर जातो. सर्वच एकदम गेले, तर दोष सर्वांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे टर्मिनल, मुख्य केबली, मुख्य फ्यूज वा अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाची चासीशी व इंजिनशी असलेली जोडणी) यांपैकी कोठेतरी असला पाहिजे. केवळ या एका साक्षीने निम्मी वायरिंग उकलण्याचे श्रम वाचतात.

दुसरा गैरसमज अधिक फसवा आहे, कारण त्याच्या हातात मीटर असते. ‘तारेत पूर्ण १२ व्होल्ट येत आहेत, तेव्हा तार चांगली’ हा निर्वाळा वरकरणी शास्त्रीय वाटतो. पण मल्टीमीटर स्वतः अँपिअरच्या दशलक्षांशाइतकाच प्रवाह घेतो. त्यामुळे विसांपैकी एकोणीस धागे तुटलेली तारही त्याला धडधाकट भासते. गेऑर्ग ओम याने १८२७ साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम धरला, तरी सेल्फचा २०० अँपिअर प्रवाह त्यातून जाताना २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. केबिनच्या ५ वॅटच्या दिव्याला मात्र त्या जोडाची वार्ताही लागत नाही. म्हणून मोजणी भाराखालीच करावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर टेकवावे, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सोबत्यास सेल्फ मारावयास सांगावे. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिला तर ही वाट मोकळी आहे. एक-दीड व्होल्ट दिसला तर गुन्हेगार याच वाटेवर आहे. मग दुसरे टोक क्लॅम्प, केबलचा लग, चासीवरचा बोल्ट असे एकेक मुक्काम पुढे सरकवावे. जेथे आकडा एकदम उडी घेतो, तेथे दोष.

पुष्कळदा तो मुक्काम अर्थचाच निघतो, आणि चासी लोखंडाची आहे म्हणजे अर्थ आपोआपच मिळतो हा समज येथे नडतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसविलेले असते; चासीशी त्याचे विद्युत नाते एका विणलेल्या पट्टीपुरतेच उरते. त्या पट्टीच्या बोल्टखाली रंग राहिला, वा लगजवळ केबलच्या आवरणाखाली हिरवी भुकटी साचली, की प्रवाह आडवाटा शोधतो. कधी कधी तो अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून वाहून ती तापवितो. वरून गुळगुळीत दिसणारी केबल बोटांनी दाबून पाहावी. चुरा झालेले तांबे आत करकरते.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसविणे हा उपाय नव्हे, आगीला आमंत्रण आहे. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढण्याची जुनी परीक्षाही आता वर्ज्य समजावी: आधार सुटताच अल्टरनेटरचा दाब, तो आवरण्याची सोय नसल्यास, क्षणभर ८० व्होल्टच्या पलीकडे जाऊ शकतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या गाड्यांत इंजिनचा कारभार संगणकाच्या हाती आहे, आणि असा झटका त्याला परवडणारा नाही.

‘गॅरेजात नेली की गाडी नीट चालते’ या तक्रारीत मेकॅनिकचा कसूर नसतो. रिलेमधील तडकलेला सांधा तापल्यावरच उघडतो. सैल लग हादऱ्यानेच सुटतो. तेव्हा दोष प्रकट करावयाचा तर गाडी चालवून गरम करावी, हेडलाइट व ब्लोअर लावून भार द्यावा, आणि मग वायरिंगचा एकेक हारनेस हलवून पाहावा. शंकास्पद तारेला टेस्ट लॅम्प जोडून ठेवला तर त्याचे मिणमिणणेच साक्ष देते.

गाडी पुन्हा बंद पडेल तेव्हा घाईने काहीही हलविण्यापूर्वी काय बंद व काय चालू आहे, इंजिन गरम होते की थंड, हे डायरीत टिपून ठेवावे. आणि नव्या बॅटरीचे पैसे मोजण्यापूर्वी ऋण बाजूचे ते भाराखालचे माप आपल्यासमक्ष घ्यावयास लावावे.